केगल करूनही लघवी सुटतेच? मग हे क्रमाने तपासा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

- खोकलं, शिंकलं, खळखळून हसलं, बादली उचलली की लघवी सुटते.
- दाराला किल्ली लावतानाच अशी घाई होते की कडी निघेपर्यंत कपडा ओला.
- रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं.
- लघवीला बसलं तरी धार लवकर सुरू होत नाही, मध्येच तुटते, उठल्यावर पुन्हा चार थेंब येतात.
- संडासला कुंथावं लागतं आणि होऊनही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. कुणाकुणाला बोटाने आधार द्यावा लागतो, पण हे कुणी आपणहून सांगत नाही.
- वारा सरताना ताबा राहत नाही.
- संध्याकाळपर्यंत खाली जड होतं, धुताना हाताला गोळा लागतो. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात.
- माकडहाडाशी, जांघेत किंवा योनीच्या तोंडाशी दुखतं, संबंध आले की आग होते किंवा संबंध जमतच नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अकरा वर्षं फक्त पेल्व्हिक फ्लोअरचं काम करते, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी जी स्नायूंची झोळी असते तिचं. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. तिच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग टेकलेले असतात. या झोळीला दोन कामं येतात, धरणं आणि सोडणं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: 'मॅडम, तीन महिने केगल करतेय, काही फरक नाही.' (केगल म्हणजे ही झोळी आवळून सोडायचा व्यायाम.) त्यातल्या निम्म्याअधिक बायकांचा घोटाळा आवळण्यात नसतो, त्यांना सोडता येत नसतं. म्हणून इथे केगलचा नंबर पाचव्या तपासणीनंतर येतो. मधल्या पायऱ्या गाळून तिथे उडी मारू नका.

त्याआधी: यातलं काही असेल तर वाचत बसू नका

लघवी अडकलीय, ओटीपोट टम्म झालंय आणि उतरतच नाही, तर आजच्या आज हॉस्पिटल. बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद गेली आणि लघवी-संडासावरचा ताबाही सुटला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांवर दाब आला की असं होतं आणि तिथे प्रश्न तासांचा असतो.

लघवीतून रक्त, दुखत नसलं तरी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणं. लघवीच्या आगीबरोबर थंडीताप आणि कुशीत कळा. शौचातून रक्त, वजन उतरणं, शौचाची सवय अचानक बदलणं. बाहेर आलेलं अंग आत न जाणं किंवा त्यावर जखम होणं. अवघड बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र न थांबता गळत राहणं (मूत्राशय आणि योनी यांच्यात भोक पडलेलं असू शकतं, ते व्यायामाने बुजत नाही). आणि गरोदरपणात, गळतंय ते पाणी आहे की लघवी असा प्रश्न पडला तर. हे सगळं डॉक्टरांचं काम, माझंही नाही.

१. तीन दिवसांची वही. खर्च शून्य

एक जुनी वही आणि मिलीच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं घ्या. सलग तीन दिवस लिहा: किती वाजता काय प्यालात, किती वाजता लघवीला गेलात, किती मिली झाली, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. कंटाळवाणं काम आहे, पण या वहीइतकं मला कुठलंच मशीन सांगत नाही.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिली लघवी मावते. दिवसातून सात-आठ वेळा जाणं ठीक. वहीत चौदा वेळा आणि दर वेळी ८०-१०० मिली दिसलं, तर मूत्राशयाला थोडंसं भरलं की ओरडायची सवय लागलीय. तुम्ही सातव्या तपासणीकडे जाल. दर वेळी भरपूर आणि चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या घरात असेल, तर एक तर तुम्ही पाणी खूप पिता किंवा साखर बघायला हवी. दिवसा थोडी आणि सगळा लोंढा रात्री, शिवाय संध्याकाळी पाय सुजतात, असं असेल तर हे माझ्या झोळीचं दुखणं नव्हे. फिजिशियनला वही दाखवा.

मागच्या वर्षी एक शिक्षिका आल्या, बावन्न वर्षांच्या. वहीत चहासमोर नऊ वेळा 'अर्धा' लिहिलेलं. मी म्हटलं, हे साडेचार कप झाले. 'छे हो, अर्धाच तर असतो!' पण वहीत दुसरंही काही होतं. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत पाण्याची एकही नोंद नाही, कारण शाळेतलं स्वच्छतागृह वापरवत नाही. घरी आल्यावर एका दमात लिटरभर पाणी, आणि दुपारी दोन ते पाच दर वीस मिनिटांनी धावपळ. बाईंचे स्नायू बरे होते. दिवसाची घडी बिघडलेली होती.

पाणी तोडून लघवी सुटणं थांबत नाही. कमी पाण्याने लघवी गडद आणि घट्ट होते, तीच मूत्राशयाला टोचते, घाई वाढते, वर संडास कडक होतो तो वेगळाच. दिवसभरात दीड-दोन लिटर, विभागून प्या. उन्हात काम असेल तर जास्त. झोपायच्या दोन तास आधी हात आखडा. चहा-कॉफी एकदम तोडू नका, डोकं दुखतं. आठवड्याला एक कप कमी करा.

वहीत अजून एक गोष्ट सापडते. 'निघण्याआधी एकदा जाऊन ये', हे आपल्याला आईने लहानपणापासून शिकवलेलं. लांबच्या एसटीला ते बरोबरच आहे. पण दूध आणायला जाताना, पाहुणे यायच्या आधी, झोपताना तीनदा, असं नुसतं 'असू दे' म्हणून जात राहिलं की मूत्राशय अर्ध्यावरच हाका मारायला शिकतं.

२. औषधांचं पाकीट आणि लघवीची तपासणी

गेल्या दोन-चार महिन्यांत कुठली गोळी सुरू झाली का? रक्तदाबाच्या काही औषधांनी (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) कोरडा खोकला येतो, आणि दिवसातून शंभरदा खोकणाऱ्या बाईला मी काय व्यायाम देणार? खोकला आधी थांबायला हवा. सूज उतरवणाऱ्या 'लघवीच्या गोळ्यां'ची वेळ बदलूनही रात्र सुधारते. सर्दीच्या काही गोळ्यांनी उलट लघवी अडते. मनाने काही बंद करू नका, पाकीट घेऊन ज्यांनी लिहून दिलंय त्यांच्याकडे जा.

दोन-चार दिवसांतच घाई, आग, वास सुरू झाला असेल तर लघवीची साधी तपासणी करा. संसर्ग निघाला तर औषधाने आठवडाभरात अर्धा प्रश्न मिटतो. सोबत साखर बघून घ्या. ही शे-दोनशे रुपयांची कामं महिनोन् महिने व्यायाम करून झाल्यावर का आठवतात, हे मला कधी कळलेलं नाही.

३. बसता कसे?

कुंथणं हा या झोळीचा सगळ्यात मोठा शत्रू. बाळंतपण दोनदा-तीनदा होतं, कुंथणं रोजचं असतं. आतड्याच्या शेवटच्या टोकाभोवती स्नायूचा एक पट्टा मागून पुढे गोफणीसारखा अडकवलेला असतो. तो आवळलेला असला की नळीला कोन पडतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि नळी सरळ होते. आपल्या जुन्या भारतीय संडासात हे आपोआप व्हायचं. गुडघे दुखायला लागले, घरात कमोड आला आणि कोन परत आला.

उपाय: कमोडसमोर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल किंवा दोन पाट एकावर एक. गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे झुका. तोंड किंचित उघडं ठेवा आणि आरशावर वाफ धरतात तसा 'हाऽऽ' करून श्वास सोडा, पोट पुढे येऊ द्या. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर.

रात्री चमचाभर इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यातून. कमी पाण्यात घेतलं तर तेच घट्ट बसतं.

लघवीचंही सांगते. बाहेरच्या कमोडवर टेकायला नको म्हणून आपण अधांतरी, अर्धवट वाकून करतो. मांड्या थरथरत असतात तेव्हा तळाचे स्नायू सुटत नाहीत आणि थोडी लघवी मागे राहते. सीटवर कागद टाका आणि टेकून बसा, नाहीतर भारतीय संडास शोधा. घरी तर अधांतरी बसायचं काही कारणच नाही, पण बऱ्याच जणींना ती सवयच पडून गेलेली असते.

४. सोडता येतं का?

ही तपासणी बहुतेक जण गाळतात, म्हणून इथे जरा थांबते.

हातरुमालाएवढा टॉवेल घट्ट गुंडाळा. कडक लाकडी खुर्चीवर लांबीत ठेवून त्यावर घोड्यावर बसल्यासारखे बसा, म्हणजे गुंडाळी पुढून मागे, दोन्ही द्वारांच्या मधल्या जागेला लागेल. डोळे मिटा. जबडा सैल, खांदे खाली. नाकाने श्वास घ्या, पोट आणि बरगड्या फुगू द्या. श्वास आत येताना तळ किंचित खाली, टॉवेलवर पसरल्यासारखा वाटायला हवा. श्वास सोडताना आपोआप वर जायला हवा. हालचाल अगदी बारीक असते, दुधावरची साय हलते तेवढी. पहिल्या दिवशी नाही कळली तर तीन-चार दिवस बघा.

काहीच हलत नसेल, श्वास घेताना तळ उलट वर ओढला जात असेल, टॉवेलवर बसल्यावर दुखत असेल, किंवा वरच्या यादीत तुमची लक्षणं दुखणं, आग, अडखळती धार, अडलेला संडास अशी असतील, तर स्नायू आखडलेला असण्याची शक्यता जास्त. आखडलेला स्नायू मजबूत असतो असं वाटतं, पण कायम अर्धी मूठ आवळून बसलेल्या हाताला आणखी आवळायला उरतं किती? शिंक आली की नेमकं त्या क्षणी त्याच्याकडे शिल्लक काही नसतं. म्हणून आखडलेल्या स्नायूचीही लघवी सुटते. आणि त्यावर रोज शंभर केगल केले तर दुखणं वाढतं, हे मी दर महिन्याला बघते.

असं असेल तर सहा आठवडे आवळायचं काहीही नाही. सकाळ-रात्र पाच-पाच मिनिटं वरच्यासारखा पोटातून श्वास. बालासनात गुडघे रुंद ठेवून, पोटाखाली उशी घेऊन दोन मिनिटं. पाठीवर झोपून गुडघे छातीकडे, पायांचे तळवे आतून धरून. जमत असेल तर भिंतीला टेकून उकिडवं बसणं. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं. दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःला विचारा, दात एकमेकांवर टेकलेत का? पोट आत ओढून धरलंय का? दात सुटले की बहुतेकदा तळही सुटतो.

योगवर्गाला जात असाल तर मूलबंध आणि अश्विनी मुद्रा (दोन्हींत तळच आवळतात) तेवढे दिवस बंद. दोन्ही चांगल्या क्रिया आहेत, पण वर्गातल्या तीस जणांना सरसकट 'आवळा, आवळा' सांगणं म्हणजे तीस जणांना एकाच नंबरचा चष्मा. तेच बाळंतिणीच्या पोटपट्ट्याचं. आजी करकचून बांधतात, पोट आत जावं म्हणून. पोट आत जातं, पण दाब जाणार कुठे? खालीच. बांधायचाच तर आतून तळहात सहज सरकेल इतपत बांधा, आणि झोपताना काढा.

५. आवळता येतं का, आणि कोणत्या दिशेने?

सोडणं जमलं की त्याच टॉवेलवर पुढचं. वारा अडवायचाय आणि त्याच वेळी लघवीही थांबवायचीय, अशी मागून पुढे ओढ घ्या. तळ टॉवेलपासून वर उचलल्यासारखा वाटला तर दिशा बरोबर. टॉवेलवर दाब वाढला तर तुम्ही खाली ढकलताय.

ही चूक किरकोळ नाही. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून स्नायू आवळायला लावला होता. जेमतेम निम्म्यांना नीट जमलं, आणि पाव बायका असं काही करत होत्या की त्याने लघवी सुटणं वाढावं. ऐकून किंवा वाचून, हे लिहिलेलं वाचूनसुद्धा, चुकायची शक्यता इतकी आहे. म्हणून टॉवेल.

नितंब आवळले जातात का? मांड्या जवळ येतात का? श्वास अडतो का? तिन्हींची उत्तरं 'नाही' हवीत. श्वासाची युक्ती सोपी आहे: आवळून धरताना मोठ्याने अंक म्हणा. आवाज येतोय म्हणजे श्वास चालू आहे.

लघवीची धार मध्ये थांबवून बघणं एखाद्या वेळी, स्नायू कोणता ते ओळखण्यापुरतं ठीक. त्याचा व्यायाम करू नका, मूत्राशय रिकामं करायची लय बिघडते.

दिशा सापडतच नसेल, दुखत असेल, किंवा पंधरा दिवसांनीही काही जाणवत नसेल तर इथेच थांबा आणि नवव्या मुद्द्यावर या. चुकीच्या दिशेने बारा आठवडे घालवण्यापेक्षा एक भेट परवडते.

६. आता केगल

अर्नोल्ड केगल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला तो दाब मोजणाऱ्या उपकरणासकट. बाईला काटा हलताना दिसायचा, बरोबर-चूक तिथल्या तिथे कळायची. पुढे व्यायाम जगभर गेला आणि काटा मागे राहिला.

पद्धत: आधी पाठीवर झोपून. आवळा, जितके सेकंद श्वास न अडता धरता येईल तितकेच धरा. तीन तर तीन. मग पूर्ण सोडा आणि धरलं त्याच्या दुप्पट वेळ सैल राहा. असे आठ-दहा. मग झटपट आवळ-सोड दहा वेळा. दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जा, मग बसून, मग उभ्याने. सोडायचा वेळ कापू नका, तोही व्यायामच आहे.

किमान तीन महिने. पहिल्या महिन्यात फार काही दिसणार नाही आणि तिथेच बहुतेक जणी सोडतात. स्नायूच तो, दंडाचा असो की तळाचा, वेळ सारखाच घेतो. वेळ लक्षात राहत नसेल तर रोजच्या कामाला बांधून टाका: चहाला उकळी येईपर्यंत एक फेरी, कुकरच्या शिट्ट्यांदरम्यान एक, दिवा मालवल्यावर एक.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवसापासून: शिंक, खोकला किंवा वजन उचलणं यांच्या क्षणभर आधी आवळा, मग शिंका. काही बायकांना एवढ्यानेच आठवडाभरात फरक दिसतो, कारण ताकद तीच असते, फक्त वेळेवर कामी येते. बादली, सिलिंडर, नातवंड, काहीही उचलताना श्वास सोडत उचला.

नॉर्मल बाळंतपणानंतर, दुखत नसेल तर, हलकं आवळणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. टाके खोलवर गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. धावणं, उड्या मात्र तीन महिन्यांच्या आत नको.

पुरुषांनो, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर हेच सगळं तुम्हालाही लागू. लघवी झाल्यावर पँटमध्ये थेंब पडत असतील तर अंडकोशामागची जागा बोटांनी मागून पुढे हलकेच दाबून आणा, नळीत उरलेली बाहेर येईल. आणि ओटीपोटात, वृषणात सतत दुखत असेल, तपासण्या कोऱ्या येत असतील, तर चौथी तपासणी पुन्हा वाचा.

७. घाई होते त्यांच्यासाठी

किल्ली-कुलूपवाल्यांनो, धावू नका. धावलं की दाबही वाढतो आणि घाबरलेलं मूत्राशयही. जागच्या जागी थांबा किंवा बसा, टाचा टेकवा, पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा. आवळलं की मूत्राशय शांत होतं, या दोघांचं आतून तसं नातं आहे. लाट ओसरली की चालत जा. मूत्राशय आखडलं म्हणजे लगेच सुटणारच असं नसतं. लाट मिनिटभरात उतरते.

मग वही काढा. सध्या दर तासाला जाता? पुढचा आठवडा सव्वा तास. मग दीड. अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचं आहे. सहा आठवडे तरी द्या. (आखडलेल्या स्नायूवाल्यांनी झटपट आवळण्याऐवजी लांब श्वास सोडत थांबायचं.)

८. खाली उतरल्यासारखं वाटतं?

दिवसाच्या शेवटी, एक पाय स्टुलावर ठेवून, हातात आरसा घ्या आणि हलकं खोका. तोंडाशी किंवा बाहेर गोळा दिसला तर घाबरू नका आणि लपवूही नका. आतच राहत असेल तर वरचे व्यायाम, कुंथणं बंद, वजन बेताने, दुपारी अर्धा तास कमरेखाली उशी घेऊन आडवं होणं, यांनी पुष्कळ बायका वर्षानुवर्षं बऱ्या राहतात. बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे ऑपरेशन हा एकच रस्ता नसतो. पेसरी नावाचं सिलिकॉनचं कडं आत बसवतात, ते गोळ्याला आधार देतं. वय, दमा, हृदयविकार यांमुळे ऑपरेशन टाळायचं असेल तर हे कडं फार कामाचं आहे, पण मागितल्याशिवाय त्याचं नाव क्वचित निघतं. ठरलेल्या मुदतीत तपासून-धुऊन घ्यावं लागतं एवढंच.

वजन जास्त असेल तर: २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या बायकांचं आठवड्याला लघवी सुटणं ४७ टक्क्यांनी कमी झालं, नुसती माहिती मिळालेल्या गटात २८ टक्क्यांनी. ऐंशी किलोच्या बाईला साडेसहा किलो म्हणजे वर्षभरात जमण्यासारखं आहे.

९. फिजिओकडे गेल्यावर काय होतं

भीती इथेच असते, म्हणून खुलासा. पहिला अर्धा तास नुसतं बोलणं आणि वही. मग पोट, कंबर, श्वास. त्यानंतर, तुम्ही हो म्हणालात तरच, हातमोजा घालून एका बोटाने आतली तपासणी. ताकद शून्य ते पाच अशी मोजली जाते आणि कुठे गाठीसारखं आखडलंय, कुठे दुखतं तेही कळतं. तुम्ही कधीही 'थांबा' म्हणू शकता, सोबत बाई ठेवू शकता, नकोच म्हणू शकता. लग्न झालेलं नसेल, संबंध आलेले नसतील तर बाहेरून किंवा पोटावरच्या सोनोग्राफीने बघता येतं. तपासणी न करता सरसकट मशीन लावून पॅकेज विकणारा भेटला तर दुसरीकडे जा.

आवळणं अजिबात जमत नसेल तर विजेच्या सौम्य झटक्यांचं उपकरण स्नायू जागा करायला मदत करतं (गरोदरपणात आणि पेसमेकर असेल तर नाही). दिशा चुकत असेल तर बायोफीडबॅक, म्हणजे केगल यांचा तोच काटा, आता पडद्यावर. आखडलेल्या स्नायूला हाताने सैल करतात. संबंध जमत नसतील तर लहानापासून मोठ्यापर्यंत डायलेटर (योनी हळूहळू सैल व्हावी म्हणून आत ठेवायच्या गुळगुळीत कांड्या), घरी, तुमच्या गतीने. इथे नवऱ्याला एकदा तरी सोबत आणा, अर्धं काम त्याच्या घाईचं असतं. ऑनलाइन मिळणारी आतली वजनं नि मण्यांसारखी साधनं तपासणीआधी विकत घेऊ नका. आखडलेल्या बाईला ती चुकीची आहेत.

माझ्याकडे बहुतेकांना तीन महिन्यांत सहा ते आठ भेटी लागतात. बाकी सगळं घरी.

१०. एवढं करूनही नाही, तर

तीन महिने नीट केल्यावरही फरक नसेल तर माझ्या हातातलं संपलं. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरोलॉजिस्ट लघवी झाल्यावर किती उरते ते सोनोग्राफीने बघतात. पाळी गेल्यानंतर योनी कोरडी पडली असेल तर इस्ट्रोजेनचं मलम देतात, त्याने घाईलाही उतार पडतो. अति घाईच्या मूत्राशयाला गोळ्या आहेत. मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी आहे. खोकताना सुटणाऱ्या लघवीसाठी मूत्रनलिकेखाली पट्टी बसवायचं ऑपरेशन आहे, ज्यांना खरंच लागतं त्यांना ते चांगलं उपयोगी पडतं. जाळीबद्दल मात्र नीट विचारून घ्या. उतरलेल्या अंगासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री थांबवायला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये सांगितलं. ती जाळी आणि मूत्रनलिकेखालची पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि 'पिशवी काढून टाकू, सगळंच थांबेल' असं कुणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. पिशवी काढण्याची कारणं वेगळी असतात, लघवी सुटणं हे त्यातलं कारण नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. मोळ्या उचलणाऱ्या, पाण्यावाचून आणि आडोशावाचून फडात दिवस काढणाऱ्या बायका त्या. पिशवी गेल्यावर मोळ्या उचलणं थोडंच थांबतं.

भेटीला जाताना काय न्यायचं: तीन दिवसांची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, बाळंतपणात टाके किती आणि चिमटा लावला होता का ते आठवून. आणि घरातून निघताना 'थांबा, एकदा जाऊन येते' म्हणू नका. किती भरतं आणि मागे किती उरतं हे बघायचं असेल तर भरलेलंच लागतं, नाहीतर तिथे बसून तुम्हाला तासभर पाणी पीत बसावं लागेल.